न्यायवृंदास खुले पत्र: यादीत एक रकाना वाढवा

प्रति,
माननीय सरन्यायाधीश आणि न्यायवृंदातील सन्माननीय न्यायमूर्ती,
सर्वोच्च न्यायालय, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुका न्यायालयात वकिली करतो. वाटपाचे दावे, बांधाची भांडणं, जामीन, आणि त्याच्या जोडीला गावच्या राजकारणाची प्रकरणं: सदस्याची अपात्रता, अविश्वास ठराव, प्रभागरचना. ही शेवटची प्रकरणं जिल्हाधिकारी, मग विभागीय आयुक्त असा जिना चढत उच्च न्यायालयाच्या खंडपीठात पोचतात. तिथं उभे राहणारे वकील दुसरे असतात, पण पक्षकाराला उत्तर मलाच द्यावं लागतं, कारण तो माझ्याकडे येतो. हल्ली एका प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही: वरचे न्यायमूर्ती एखाद्या पक्षातून आलेले असतील, तर वर जाऊन आपला काय फायदा? म्हणून हे पत्र. आपल्या पत्त्यावर ते टपालाने पाठवलंच आहे. इथे जाहीर करतो आहे, कारण हा प्रश्न माझ्या एकट्याच्या पक्षकारांना पडलेला नाही.

निमित्त आपल्याला आठवत असेल. २८ जुलै २०२५ च्या बैठकीत न्यायवृंदाने, म्हणजे न्यायमूर्तींच्या नेमणुकांची शिफारस करणाऱ्या आपल्या कॉलेजियमने, मुंबई उच्च न्यायालयासाठी तीन वकिलांची नावं मंजूर केली. त्यांतल्या एक २०२३ मध्ये सत्तेतल्या एका पक्षाच्या प्रदेश प्रवक्त्या म्हणून नेमल्या गेल्या होत्या. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी ते पद सोडलं, सदस्यत्वही सोडलं, आणि दीड वर्षात शिफारस झाली. विरोधकांनी आक्षेप घेतला, पक्षाने ‘राजीनामा कधीच दिला होता’ असं सांगितलं, वाहिन्यांवर चार दिवस कल्ला झाला आणि ऑगस्टमध्ये शपथविधी पार पडला. नाव सगळ्यांना माहीत आहे. मी ते मुद्दाम घेत नाही, कारण हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही. त्यांची वकिली मी पाहिलेली नाही, ती उत्तम असेल. माझी तक्रार आपल्या ठरावाबद्दल आहे. त्या ठरावात तीन नावं होती आणि ती मंजूर झाल्याचं एक वाक्य होतं. महाराष्ट्रातल्या कुणाही वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या मनात जो पहिला प्रश्न येणार होता, त्यावर एक अक्षरही नव्हतं.

राजकारणातला माणूस न्यायाधीश होऊ नये, असं माझं म्हणणं नाही, हे आधीच सांगून टाकतो. तसं म्हणायला गेलं तर मुंबई उच्च न्यायालयाच्या भिंतीवरच्या बऱ्याच तसबिरी उतरवाव्या लागतील. काशिनाथ त्र्यंबक तेलंग काँग्रेसच्या स्थापनेत होते, मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात होते, आणि १८८९ मध्ये न्यायमूर्ती झाले. बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष, १८९५ मध्ये न्यायमूर्ती. नारायण गणेश चंदावरकर १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष, दुसऱ्या वर्षी न्यायमूर्ती. आणि रानड्यांबद्दल महाराष्ट्राला मी काय सांगावं?

टिळकांच्या पहिल्या राजद्रोह खटल्यातली जामिनाची हकिकत मला या संदर्भात नेहमी आठवते. २७ जुलै १८९७ ला टिळकांना अटक झाली. जामिनासाठी उच्च न्यायालयात अर्ज गेला तो पार्सन्स आणि रानडे या न्यायमूर्तींपुढे, आणि नामंजूर झाला. त्याच्या दोनच वर्षं आधी टिळकांच्या मंडळींनी पुण्याची सार्वजनिक सभा रानड्यांच्या गटाच्या हातून काढून घेतली होती, आणि रानडे पक्षाला डेक्कन सभा नावाची वेगळी चूल मांडावी लागली होती. रानड्यांनी त्या रागातून जामीन नाकारला असं म्हणण्याची माझी प्राज्ञा नाही. पण असं काही आज घडलं, तर संध्याकाळपर्यंत गावोगावच्या मोबाइलवर काय फिरेल, याची कल्पना आपल्याला आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला अर्ज पुन्हा झाला आणि तय्यबजींनी जामीन दिला. आता तय्यबजी काँग्रेसचे माजी अध्यक्ष आणि टिळकही काँग्रेसचे, म्हणजे त्यांच्यावरही बोट ठेवता आलं असतं. गंमत अशी, की तेव्हा टिळकांच्या बाजूने अर्ज चालवणारे बॅरिस्टर दावर पुढे न्यायमूर्ती झाले, आणि १९०८ मध्ये त्यांनीच टिळकांचा जामीन नाकारून सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. माणूस कुठून आला यावरून तो निकाल काय देणार हे सांगता येत नाही, एवढं तर यातून दिसतंच. पण दुसरीही एक गोष्ट दिसते. रानडे कोण, तय्यबजी कोण, त्यांचे मित्र कोण आणि विरोधक कोण, हे तेव्हाच्या मुंबई-पुण्यात कुणापासून लपलेलं नव्हतं. न्यायमूर्तींचा आगापिछा लोकांना माहीत होता आणि लोक तो जमेस धरूनच त्यांचे निकाल वाचत होते.

स्वातंत्र्यानंतरचं यातलं सर्वांत ठळक नाव व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचं. १९५२ मध्ये मद्रास विधानसभेत, १९५७ मध्ये कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर केरळ विधानसभेत, आणि ई. एम. एस. नंबुद्रीपादांच्या मंत्रिमंडळात कायदा, गृह, तुरुंग, वीज, पाटबंधारे अशी खाती. १९६५ च्या निवडणुकीत हरले आणि पुन्हा काळा कोट चढवला. १९६८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. त्या वेळी मुंबईच्या वकीलवर्गातूनच त्यांना जाहीर विरोध झाला होता. विरोध करणाऱ्यांत नामवंत वकील सोली सोराबजी होते, आणि पुढे त्यांनीच आपलं मत उघडपणे बदललं.

का बदललं असेल, ते १९७८ चा मोतीराम खटला वाचला की कळतं. मोतीराम मध्य प्रदेशातला गरीब गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तर दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तोही नाकारला. कृष्ण अय्यरांनी त्याला स्वतःच्या एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं, आणि एका जिल्ह्याचा जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यात का चालत नाही, असा खडा सवाल केला. आजही परजिल्ह्यातला जामीनदार पुढे केला की आमच्याकडे कपाळाला आठ्या पडतात, आणि आम्ही तोच निकाल काढून दाखवतो. हा निकाल देणारा माणूस स्वतः १९४८ मध्ये अटकेत राहिलेला होता आणि पुढे तुरुंगमंत्री झालेला होता. सरळ वकिलीतून वर गेलेल्या माणसाला हे सुचलं नसतं असं नाही. पण यांना ते आतून माहीत होतं.

आणखी एक प्रसंग खुद्द कृष्ण अय्यरांनीच सांगून ठेवलेला. जून १९७५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. उन्हाळी सुट्टीत सर्वोच्च न्यायालयात कृष्ण अय्यर एकटे बसत होते. कायदामंत्री ह. रा. गोखले यांचा फोन आला, भेटायचं आहे म्हणून. अपील करायचं असेल तर ते कचेरीत दाखल करा, भेटीची गरज नाही, असं उत्तर मिळालं. गोखले म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीची खुर्ची सोडून राजकारणात गेलेले. राजकारणातून न्यायासनावर आलेल्या माणसाने न्यायासनावरून राजकारणात गेलेल्या माणसाला फोनवरच थांबवलं! २४ जूनला त्यांनी पूर्ण स्थगिती दिली नाही. पंतप्रधानपदावर राहता येईल, संसदेत मत देता येणार नाही, अशी अट घातली. त्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली, आजही होते. पण ‘तो तर अमक्यांचा माणूस’ या एका वाक्यात तो निकाल कुणाला उडवून लावता आला नाही.

के. एस. हेगडे यांचंही असंच. १९५२ ते १९५७ काँग्रेसचे राज्यसभा सदस्य, मग न्यायमूर्ती. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणाऱ्या केशवानंद भारती खटल्यात एप्रिल १९७३ मध्ये सरकारच्या विरोधात उभे राहिलेल्या बहुमतात ते होते, आणि त्याचीच किंमत म्हणून सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं गेलं. त्यांनी शेलाट आणि ग्रोव्हर यांच्याबरोबर राजीनामा दिला. चार वर्षांनी मात्र ते जनता पक्षाच्या तिकिटावर निवडून आले आणि लोकसभेचे सभापती झाले. ही शेवटची पायरी मला फारशी रुचत नाही, पण ते असो.

आता दुसरी बाजू. बहारुल इस्लाम १९६२ पासून काँग्रेसचे राज्यसभा सदस्य. १९७२ मध्ये राज्यसभा सोडली आणि लगेच गुवाहाटी उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. मुख्य न्यायमूर्ती म्हणून १९८० मध्ये निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यांना सर्वोच्च न्यायालयात आणलं गेलं. डिसेंबर १९८२ मध्ये बिहारचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरचा पाटण्याच्या सहकारी बँकेचा खटला मागे घेण्यास परवानगी देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी ते एक होते. तिसरे न्यायमूर्ती तुळजापूरकर, आपले मुंबईचे, यांनी विरोधी निकाल लिहिला. महिन्याभरात इस्लाम यांनी राजीनामा दिला, निवृत्तीला थोडेच दिवस उरलेले असताना, आणि १९८३ मध्ये ते काँग्रेसतर्फे पुन्हा राज्यसभेत गेले. त्या निकालाची कायदेशीर बाजू भक्कम असेलही. ती वाचायला कुणी थांबलं नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे.

हे सगळं एवढ्यासाठी मांडलं, की कृष्ण अय्यर आणि बहारुल इस्लाम यांच्यातला फरक पक्षाचा नव्हता, राजकारणात किती वर्षं घालवली याचाही नव्हता. फरक खुर्चीवर बसल्यानंतरच्या वागण्याचा होता, आणि ते वागणं आधी ओळखता येत नाही. मग निदान जे आधी माहीत असतं ते तरी उघड असावं, आणि पुढचं वागणं पाहता येईल अशी सोय असावी. आज यातलं काहीच नाही. माझ्या तक्रारी आता सांगतो.

पहिली तक्रार माहितीची. ऑक्टोबर २०१७ पासून न्यायवृंदाचे ठराव जाहीर होऊ लागले, तेव्हा आम्हा तालुक्याच्या वकिलांना मोठं अप्रूप वाटलं होतं. सुरुवातीच्या ठरावांत कारणंही असत. आता बऱ्याचदा फक्त नावं असतात. मे २०२५ मध्ये आपण आणखी एक चांगलं काम केलं. नोव्हेंबर २०२२ पासूनच्या उच्च न्यायालयांतल्या नेमणुकांची यादी प्रसिद्ध केली. उमेदवार वकिलीतून आला की न्यायिक सेवेतून, शिफारस कधी झाली, अधिसूचना कधी निघाली, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक, महिला यांपैकी कोणत्या प्रवर्गातला आहे, आणि एखाद्या आजी-माजी न्यायमूर्तींचा नातेवाईक आहे काय, असे रकाने त्यात होते. तो शेवटचा रकाना घालायला धैर्य लागतं. नात्यागोत्याची कुजबुज वर्षानुवर्षं चालली होती, आपण ती कागदावर आणली. मग पक्षाचा रकाना का नाही? न्यायमूर्तींचा भाचा असणं जाहीर करण्याजोगं आहे, आणि पक्षाचा प्रवक्ता, विधी आघाडीचा प्रमुख किंवा निवडणुकीतला उमेदवार असणं तसं नाही, हे मी पक्षकाराला कोणत्या तोंडाने समजावू?

दुसरी तक्रार दोन मापांची, आणि ती मला सर्वांत जास्त बोचते. मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेसन यांचं नाव आपल्याकडून गेलं, तर त्यांनी समाजमाध्यमांवर प्रलंबित विषयांबाबत मतं मांडली म्हणून केंद्र सरकारने ते परत पाठवलं. जानेवारी २०२३ मध्ये न्यायवृंदाने ते पुन्हा पाठवलं आणि बाणेदारपणे लिहिलं, की मत मांडणं हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे आणि त्यामुळे कुणी अपात्र ठरत नाही. त्याच ठरावात हेही होतं, की त्यांचा कोणत्याही राजकीय पक्षाशी संबंध असल्याचं त्या मतांवरून दिसत नाही. म्हणजे पक्षाशी संबंध आहे की नाही, हे न्यायवृंद पाहतो. संबंध नसेल तर तसं लिहितो. असेल तर मात्र काहीच लिहीत नाही!

त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या बाबतीत जे झालं ते तर एकाच दिवसाचं. १७ जानेवारी २०२३ ला आपण जॉन सत्यन यांचं नाव दुसऱ्यांदा पाठवलं. सरकारचा आक्षेप काय, तर त्यांनी पंतप्रधानांवर टीका करणारा एक लेख समाजमाध्यमावर पुढे पाठवला होता. त्याच दिवशी एका पक्षाच्या महिला आघाडीच्या पदाधिकारी राहिलेल्या वकिलांचं नाव आपण मंजूर केलं. त्यांची अधिसूचना ६ फेब्रुवारीला निघाली. सत्यन यांची निघाली नाही, आणि मार्चमध्ये त्याबद्दल आपल्याला ठरावातच खेद नोंदवावा लागला. पक्षाचं पद चालतं, पक्षावरची टीका चालत नाही, असा याचा अर्थ कुणी काढला तर त्याला चूक कसं म्हणायचं? सरकारने अडवलं हे मला मान्य आहे. पण मापं दोन आहेत हे आपण लिहून ठेवलंत, तर सरकारला निदान उत्तर तरी द्यावं लागेल.

७ फेब्रुवारी २०२३ ला त्या नेमणुकीविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात चालू होती आणि तिकडे चेन्नईत शपथ होत होती. याचिका फेटाळली गेली. उमेदवार पात्र आहे की नाही एवढं न्यायालय पाहील, योग्य आहे की नाही हे न्यायवृंदाने पाहायचं, असं त्यात सांगितलं गेलं. ठीक आहे. पण मग योग्यतेचा निर्णय बंद दाराआड होतो, त्याची कारणं बाहेर येत नाहीत, आणि त्याला आव्हानही देता येत नाही. सामान्य माणसाने पाहायचं कुठे?

आता माझ्या कचेरीतला प्रसंग. माझ्या एक पक्षकार एका गावच्या सरपंच होत्या. सासऱ्यांनी गायरानावर पत्र्याचं शेड टाकलं म्हणून त्यांच्यावर अपात्रतेचा अर्ज झाला. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, आयुक्तांनी अपील फेटाळलं. उरला मार्ग उच्च न्यायालयाचा. अर्ज करणारा गावातल्या विरोधी पॅनेलचा, एका पक्षाचा तालुक्याचा पदाधिकारी. रिट याचिकेची कागदपत्रं गोळा करायला या बाई नवऱ्याबरोबर आल्या, आणि बसल्या बसल्या त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. प्रवक्तेपदाच्या नेमणुकीचं पत्र, पक्षाचं चिन्ह, शेजारी शपथविधीची बातमी. म्हणाल्या, ‘‘वकीलसाहेब, वरचे साहेब त्येंच्याच पार्टीचे हायेत म्हनतेत. मग वर जाऊन आपला काय फायदा?’’

मी सांगायचं ते सगळं सांगितलं. न्यायमूर्ती अनेक आहेत, कोणतं काम कुणाकडे जाणार हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात, तुमचं प्रकरण त्यांच्यापुढे लागण्याची शक्यता फार थोडी, आणि लागलं तरी खुर्चीवर बसलेला माणूस पक्षाचा राहत नाही. शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज मलाच वकिली वाटला. त्यांच्या नवऱ्याने विचारलं, ‘‘हे कुठं लिवलेलं हाय का?’’ नाही, लिहिलेलं नाही. तिकडे तो पदाधिकारी गावात सांगत फिरत होता, की वर आपलीच माणसं बसलीत, जाऊ द्या तिला. त्याला वर कुणी ओळखतही नसेल. पण त्याच्या बढाईला आधार मिळाला तो आपल्या न बोलण्यातून. याचिका दाखल झाली खरी, पण बाईंचा निम्मा जीव त्यातून गेलेला होता. ज्या न्यायमूर्तींचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही, त्यांचं नाव विनाकारण मध्ये आलं. हा त्यांच्यावरही अन्यायच आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न इतर राज्यांपेक्षा अधिक टोकदार का, तेही सांगतो. इथे गावच्या सोसायटीपासून साखर कारखान्यापर्यंत आणि जिल्हा बँकेपासून विधानसभेपर्यंत प्रत्येक निवडणूक न्यायालयात येते. आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात जिल्हा परिषदा, नगरपालिका वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या. पक्ष फुटले ते वादही न्यायालयात गेले. खंडपीठाच्या बोर्डावर राजकारण नाही असा दिवस शोधावा लागतो. आमच्या तालुक्याचे न्यायाधीश गावातल्या लग्नालाही विचार करून जातात, कारण मांडवात आमदार येणार असतात आणि कुणीतरी शेजारी उभं राहून फोटो काढणार असतं. खालच्या न्यायाधीशाने एवढं जपायचं, आणि वरच्या नेमणुकीत मात्र प्रश्नच विचारायचा नाही?

तिसरी तक्रार नियमाच्या पोकळीची. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांच्या आचरणाची मूल्यं ठरवून घेतली. नातेवाईक किंवा मित्र गुंतलेला असेल ते प्रकरण ऐकू नये, ज्या कंपनीचे शेअर आपल्याकडे आहेत तिचं प्रकरण तसं सांगितल्याशिवाय चालवू नये, राजकीय विषयांवर जाहीर मत देऊ नये, असं त्यात आहे. कंपनीत चार शेअर असले तर सांगायचं. ज्या पक्षाची बाजू कालपरवापर्यंत कॅमेऱ्यासमोर मांडली, त्याचं प्रकरण आलं तर काय करायचं, यावर शब्द नाही.

हे अवघड आहे असंही नाही. २१ जुलै २०२३ ला राहुल गांधींच्या बदनामीच्या खटल्यातलं अपील न्या. भूषण गवई यांच्यापुढे आलं. माझे वडील चाळीसहून अधिक वर्षं काँग्रेसशी संबंधित होते, भाऊ आजही राजकारणात आहे, कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा, असं त्यांनी सुरुवातीलाच विचारलं. दोन्ही बाजूंनी हरकत नाही म्हटलं आणि काम सुरू झालं. त्यांचे वडील रा. सू. गवई कोण होते हे अमरावतीतच काय, अख्ख्या महाराष्ट्रात सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी सांगितलं. दोन मिनिटं लागली असतील. पुढे निकाल काहीही लागला असता, तरी कुणाला मागाहून कुजबुजायला जागा राहिली नसती. फेब्रुवारी २०२३ ची मद्रासची ती याचिका फेटाळणाऱ्या पीठावरही तेच होते, आणि माझीही पार्श्वभूमी राजकीय आहे असं तेव्हाही ते बोलले होते. तेच उघडपणे बोलणं नियम म्हणून लिहून ठेवा, एवढंच मागणं आहे.

चौथी तक्रार परतीच्या वाटेची. ती थोडक्यात. ५ मार्च २०२४ ला कलकत्ता उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती राजीनामा देतात आणि दोन दिवसांनी पक्षात प्रवेश करतात. सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती ४ जानेवारी २०२३ ला निवृत्त होतात आणि पुढच्याच महिन्यात राज्यपाल म्हणून त्यांचं नाव जाहीर होतं. एक माजी सरन्यायाधीश निवृत्तीनंतर चार महिन्यांत राज्यसभेत जातात. घटना समितीत के. टी. शहा यांनी न्यायाधीशांना पुढे सरकारी पद घेता येऊ नये अशी दुरुस्ती सुचवली होती. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली, कारण न्यायालयांपुढच्या खटल्यांत सरकारचा हितसंबंध फारसा नसतो असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा ते खरं असेल. आज सर्वांत मोठा पक्षकार सरकारच आहे. २०१४ मध्ये सरन्यायाधीश लोढा यांनी निदान दोन वर्षं थांबावं असं सुचवलं होतं. ते सूचनेच्याच पातळीवर राहिलं.

कायदा बदलायचा तर संसदेत जावं लागेल, आणि संसदेला यात घाई असण्याचं कारण नाही, तिथल्या सगळ्याच पक्षांनी या वाटेचा उपयोग केला आहे. म्हणून मी मागतो ते सगळं न्यायवृंदाच्या स्वतःच्या अखत्यारीतलं आहे.

एक. नेमणुकांच्या यादीत रकाना वाढवा: राजकीय पक्षाचं सदस्यत्व, पद, उमेदवारी, प्रवक्तेपद, विधी आघाडीतलं काम, आणि ते कधीपासून कधीपर्यंत. उमेदवाराचं उत्पन्न आपण विचारता, त्याने चालवलेल्या खटल्यांचे निकाल मागवता. २०२४ च्या अखेरीपासून उमेदवारांना समोर बोलावून त्यांच्याशी बोलताही. तिथे हा एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर जाहीर करायचं.

दोन. रकाना भरलेला असेल तर त्या शिफारशीखाली कारण लिहा. दोन ओळी पुरेत: ही पार्श्वभूमी आम्हाला माहीत होती, आणि या कारणांसाठी ती आड येत नाही असं आम्हाला वाटलं. चांगल्या उमेदवाराचं यात नुकसान नाही, उलट कवच आहे.

तीन. पद सोडल्यापासून शिफारशीपर्यंत किमान तीन वर्षं जाऊ द्या. तीनच का, असं कुणी विचारेल. कृष्ण अय्यर हरले १९६५ मध्ये आणि न्यायमूर्ती झाले १९६८ मध्ये, एवढंच माझं मोजमाप. आपण चार ठरवा, पाच ठरवा, पण काहीतरी ठरवा आणि सगळ्या पक्षांना तेच लावा.

चार. नेमणुकीनंतर पाच वर्षं त्या पक्षाची, त्याच्या नेत्यांची आणि निवडणुकीची प्रकरणं त्या न्यायमूर्तींकडे देऊ नका. नातेवाईक वकिलांसाठी ‘नॉट बिफोर’ची, म्हणजे अमुक प्रकरण अमुक न्यायमूर्तींपुढे न लावण्याची पद्धत उच्च न्यायालयाच्या कचेरीला पाठ आहे, तिच्यातच एक नोंद वाढेल. चुकून एखादं प्रकरण आलंच, तर न्या. गवईंनी विचारलं तसं भर न्यायालयात विचारायचं.

पाच. समाजमाध्यमावरच्या मतावरून सरकारने एखादं नाव परत पाठवलं, तर पुढच्या ठरावात त्याच काळात मंजूर झालेल्या पक्षपदाधिकाऱ्यांची नोंद शेजारी ठेवा. जॉन सत्यन यांच्या नावाचं काय झालं, तेही सांगा.

सहा. शपथ घेणाऱ्यांकडून स्वेच्छेने एक निवेदन घ्या, की खुर्ची सोडल्यावर दोन वर्षं पक्षप्रवेश, उमेदवारी किंवा सरकारने द्यायचं पद स्वीकारणार नाही. कायद्याने ते बांधील नसेल, पण जाहीर झालेलं असेल.

हे पत्र अवमान ठरेल का, असं बाररूममध्ये दोघातिघांनी काळजीने विचारलं. मी त्यांना म्हटलं, कुणाच्या हेतूबद्दल यात एक शब्द नाही. रकाना मागितला आहे, आणि रकाने आपणच छापायला सुरुवात केली आहे. सरपंचबाईंची याचिका अजून प्रलंबित आहे. त्यांच्या नवऱ्याच्या प्रश्नाला ‘हो, लिहिलेलं आहे’ असं उत्तर मला पुढच्या यादीपासून देता यावं, ही विनंती.

आपला नम्र,
तालुका वकील संघाचा एक सदस्य, मराठवाडा

प्रत माहितीसाठी: मा. मुख्य न्यायमूर्ती, मुंबई उच्च न्यायालय. केंद्रीय विधी व न्याय मंत्रालय. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा